दंडावरची देवी

“हात!” साहेब ओरडले, आणि मी डावा हात उचलून धरला.

गाडीचं चाक खड्ड्यात गेलं, कण्हत वर आलं. मग मी हात पुन्हा उशीवर ठेवला. हो, माझ्या हाताला उशी होती. साहेबांच्या मडमबाईंनी स्वतः शिवून दिलेली, सावरीच्या कापसाची. आमच्या घरात डोक्याखाली घ्यायला उशी नव्हती, आणि इथे नुसता हात उशीवर लोळत होता.

“साहेब,” गाडी हाकता हाकता आबा म्हणाले, “पोरीच्या हाताचं अगदी दह्याचं मडकं करून टाकलंत.”

“मडकं नाही, केरोबा. दिवा. वाऱ्यातून न्यायचा दिवा.”

आबा म्हणजे माझे वडील, साहेबांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. आणि साहेब म्हणजे डॉक्टर हॅलोवेल, अमेरिकेतले. आमच्या खडकउंबरीने त्या नावाचं हलवेसाहेब करून टाकलं होतं. साहेबांची तक्रार नव्हती. गोड नाव आहे, म्हणायचे.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मिशनच्या शाळेत चौथं पुस्तक वाचत होते, इंग्रजीत दहापर्यंतचे पाढे म्हणत होते, आणि जूनमध्ये नगरच्या मुलींच्या शाळेत जाणार होते. जगात आपल्याला येत नाही अशी गोष्टच नाही, असं मला त्या वर्षी वाटायला लागलं होतं. त्यामुळे साहेबांनी जेव्हा विचारलं की तालुक्याला कोण येतं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, “मी.”

काम असं होतं. तालुक्याला सरकारी टोचणारे होते. तिथून काचेच्या नळीतून देवीची लस यायची, पण पंधरा कोसांच्या उन्हात ती वाटेतच मरायची. साहेबांनी स्वतःच्या लेकीला, हन्नाला, अशी नळीतली लस दोनदा टोचली होती. दोन्ही वेळा काहीच उठलं नाही. मग एकच वाट उरली. जिवंत माणसाच्या दंडातून लस आणायची. ज्याला कधी देवी आल्या नाहीत असा कुणी तालुक्याला न्यायचा, तिथल्या पोराच्या ताज्या फोडातून त्याच्या दंडात टोचून घ्यायची, आणि त्याला घेऊन गावी परत यायचं. आठव्या दिवशी त्याचा फोड भरला की त्यातून गावातल्या पोरांना टोचायचं. हन्नालाच नेलं असतं, पण ती नुकती डांग्या खोकल्यातून उठलेली, चार वर्षांची काडी. गावातली एकही आई पोर द्यायला तयार नव्हती. उरले मी.

“हात!”

मी उचलला.

“साहेब, तुमच्या मुलखातसुद्धा असंच करतात?”

“करत असत. माझे वडील व्हरमाँटच्या डोंगरात डॉक्टर होते. खेड्यांचे डॉक्टर. चाळीस मैलांत दुसरा नाही. एक घोडा, खोगिराच्या दोन्ही बाजूंना दोन चामडी पिशव्या, आणि त्यांच्या कोटाला कायम कापराचा वास. एका हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात देवी आल्या. बर्फ इतकं.” साहेबांनी बैलाच्या वशिंडापर्यंत हात नेला. “वडिलांनी माझ्या बहिणीला, लिडियाला, घोड्यावर पुढ्यात बसवलं. आपल्या कोटाच्या आत. तिच्या दंडावर फोड होता. ती नऊ वर्षांची होती.”

“आणि?”

“चौदा घरं. एकट्या लिडियाच्या दंडावरून. आता ती आजी झाली आहे. अजून पाहुणे आले की बाही वर करून वण दाखवते.”

“मी पण दाखवीन.”

“आधी उठू तर दे,” आबा म्हणाले. “कालच टोचलंय, आज पाहुण्यांची वाट बघतीये.”

साहेबांनी मग मला तीन नियम सांगितले. पाणी लावायचं नाही. खाजवायचं, घासायचं नाही. आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी ते तिन्ही इंग्रजीत म्हणून दाखवले.

तिसऱ्या नियमाला मात्र मला हसू आलं. साहेब परक्या मुलखातले, त्यांना त्यातली गंमत कळली नसावी. आबांना कळली, पण ते हसले नाहीत. बैलाची शेपटी पिळून त्यांनी गाडी पुढे काढली. आम्ही ख्रिस्ती होऊन दहा वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी आम्ही वेशीबाहेरचेच. पाणी वरून ओतलेलं प्यायचं, वाटेत कुणी आलं की कडेला व्हायचं, सावली आवरून चालायचं. आम्हाला हात लावतंय कोण?

*

चौथ्या दिवशी लाल ठिपका दिसला. पाचव्या दिवशी त्यावर मोत्यासारखा फोड आला, मधे किंचित खळी असलेला. साहेबांनी भिंग लावून बघितलं आणि ते इतके हसले की त्यांच्या दाढीत अडकलेला पोळीचा तुकडा खाली पडला. हन्ना तर माझ्यामागे मागेच. ती खडकउंबरीतच जन्मलेली. तिचं मराठी आमच्याहून ठसकेबाज होतं.

“रिबीताई, दाखव ना गं.”

“लांबून बघ.”

“मला पण असं येणारे?”

“तुला माझ्यातलंच येणार. मग तू माझी सख्खी बहीण.”

“शप्पत?”

“शप्पत.”

सहाव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले. विहिरीजवळच्या लिंबाखाली पाच-सहा बायका उभ्या होत्या. मधे पाटलांच्या थोरल्या बाई. पांढरं पातळ, हातात ताट. गेल्या साली देवीने त्यांचा नातू नेला होता. एक नात उरली होती, ठकू. तिला टोचायला त्यांनी साफ नकार दिला होता.

मी सवयीने कडेला झाले.

“तशी न्हवं गं, केरबाच्या पोरी. इकडं ये.”

मी दोन पावलं पुढे गेले.

“आनखी ये. ऐकलं ते खरं हाय का? आई आलीये तुझ्या दंडावर?”

आमच्या गावात देवी हा रोग नव्हता. ती आई होती. ज्याच्या अंगावर येई त्याला लोक पाया पडत. मी म्हणायला हवं होतं की ही लस आहे, थोरल्या बाई, गाईच्या सडावरच्या फोडातून निघालेली, मी चौथ्या पुस्तकात वाचलंय. मी बाही वर केली.

थोरल्या बाईंनी ताटातलं ताक माझ्या पायावर ओतलं. गार, आंबूस. दहीभात ठेवला. लिंबाचा डहाळा माझ्याभोवती फिरवला.

“शांत ऱ्हा, आई. हितंच ऱ्हा, दुसरीकडं जाऊ नगंस. ठकूला माझ्या सांभाळ.”

मग त्यांनी हळदीने भरलेला हात पुढे केला.

“आत्याबाई, शिवाल की!” मागून कुणी तरी म्हणालं.

“आईला शिवती म्या. तिला कसला आला विटाळ?”

आणि त्यांचा तळवा माझ्या दंडावर आला. खरखरीत होता, ऊबदार होता. त्यांनी हळद चोळली. मग वाकून कपाळ टेकलं, माझ्या दंडावर, पाटलांच्या थोरल्या बाईंनी. बाकीच्याही मग एकेक पुढे आल्या. कुणी बोटं लावली, कुणी गाल. एकीने तर मला मिठीच मारली. मला नियम पाठ होता, दोन भाषांत म्हणाल तर दोन भाषांत. पण माझ्या आईनंतर इतक्या हातांनी मला कुणी धरलं नव्हतं. मी डोळे मिटून उभी राहिले.

शाळेत पोचेपर्यंत बाही दंडाला चिकटली होती.

*

आठव्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर बारा पोरं जमली. अकरा गावातली आणि वाड्यांवरची, बारावी हन्ना. आया पदराआडून बघत होत्या. आबा कोमट पाण्याचं घंगाळ घेऊन उभे होते.

साहेबांनी माझी बाही वर केली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“हा थोडा बसका वाटतो.” ते खिडकीकडे वळले, माझा हात उजेडात घेतला. “कडेला लाली जास्त आहे.”

मी भिंतीवरच्या पालीकडे बघत होते.

“रिबका, कुणी हात लावला नाही ना?”

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न येणार होता. कुणी? आणि मग सगळंच. मिशनची मुलगी, चौथ्या पुस्तकातली, लिंबाखाली देवी होऊन उभी राहिली, नैवेद्य घेतला. आबांच्या हातातलं घंगाळ मला दिसत होतं. जूनमधली नगरची शाळा दिसत होती. साहेबांचा आनंदलेला, दमलेला चेहरा दिसत होता. हा दंड गेला तर पुन्हा तीस कोस, पुन्हा गाडी, आणि पुन्हा एखाद्या आईच्या नाकदुऱ्या.

“नाही, साहेब.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळच. मग सुरी पुसली.

“तू म्हणतेस तर ठीक. हन्ना पहिली. म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.”

हन्ना माझ्या मांडीवर बसली.

“दुखेल, रिबीताई?”

“मुंगी चावल्यासारखं.”

“काळी का लाल?”

“काळी.”

“मग चालेल.” तिने तोंड माझ्या खांद्यात खुपसलं. रडली नाही.

त्याच संध्याकाळी साहेबांना हिवताप भरला आणि ते बारा दिवस अंथरुणाला खिळले. इकडे पोरांच्या दंडांवर तिसऱ्याच दिवशी फोड उठले, मोठे, पिवळे. आया खूश. जोरात आलीये म्हणाल्या. आबा घरोघर फिरून बघून आले आणि त्यांनी दवाखान्याच्या वहीत बारा नावांपुढे बारा वेळा लिहिलं, ‘लागली’. साहेब उठले तेव्हा खपल्या पडून गेल्या होत्या. त्यांनी वही वाचली आणि बहिणीला अमेरिकेला पत्र लिहिलं. त्यात माझं नाव होतं. मला वाचून दाखवलं त्यांनी.

*

सात आठवड्यांनी बाजाराच्या वाटेने देवी आल्या. आधी वरच्या आळीत दोन घरं, मग तिसरं. साहेब दिवसभर बाहेर असत, पण चेहरा स्वस्थ होता. “आपली बारा सुरक्षित आहेत,” ते आबांना म्हणायचे.

मग हन्नाला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसून चित्रांचं पुस्तक दाखवत होते. साहेब आले, तिचा तळहात खिडकीकडे धरला आणि तसाच धरून राहिले. तळहातावर बारीक लाल ठिपके होते. मग त्यांनी तिच्या दंडावरची बाही सरकवून जुना वण पाहिला. पसरट होता, गुळगुळीत.

मडमबाई दारात उभ्या होत्या.

“लस चांगली होती,” साहेब त्यांना म्हणाले. “माझाच हात चुकला असेल. मला ताप भरत होता त्या दिवशी.”

ते इंग्रजीत म्हणाले, पण मला इंग्रजी येत होतं.

“आणि बाकीची?” मडमबाईंनी विचारलं.

“बाकीच्यांना लागली आहे. केरोबाने पाहिलं आहे. ही एकटीच पहिली होती. पहिल्या वेळी माझा हात स्थिर नसेल.”

मी पुस्तक मिटलं आणि घरी गेले. तो दिवस तसाच गेला. मी भाकरी केल्या, त्या करपल्या. आबा जेवताना म्हणाले, “साहेबांनी आज दहा वेळा स्वतःचे हात बघितले, पोरी. मला बघवेना.” मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. साहेब एकटेच होते. सुऱ्या उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर ओळीने मांडत होते.

“साहेब.”

“हन्ना झोपली आहे का?”

“साहेब, तुमचा हात नाही चुकला.”

ते सुऱ्या मांडत राहिले.

“माझ्या दंडाला हात लावला होता. पाटलांच्या थोरल्या बाईंनी. आणखी पाच जणींनी. हळद चोळली. फोड फुटला होता, साहेब. पुन्हा भरला, पण फुटला होता.”

“कितव्या दिवशी?”

“सहाव्या.”

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. रागावतील, मारतीलसुद्धा, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते स्टुलावर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. लहान मुलासारखे, एकेक बोट मिटत.

“बारा,” ते म्हणाले. “एक आत आहे. अकरा बाहेर आहेत.” मग वर पाहिलं. “रिबका, तुझ्यातून त्यांना लस गेलीच नाही, नुसता पू गेला. ती अकराही उघडी आहेत. कळतंय तुला?”

“म्हणूनच आले.”

“केरोबाला हाक मार. गाड्या पाहिजेत. लस आणून भागणार नाही, वेळ नाही. पोरांनाच तालुक्याला न्यायचं. आजच.”

*

लिंबाखाली आया जमल्या, त्याच लिंबाखाली. साहेबांनी सांगितलं. कुणी पोराचा हात सोडेना.

रंगू नावाची एक होती, धाकट्याला कडेवर घेतलेली. ती म्हणाली, “सायेब, राग मानू नगा. तुमची सोताची लेक आडवी झालीये. तिला बी टोचलं व्हतं नव्हं? मग आमची कशापायी गाडीत घालायची? पुन्यांदा टोचून काय व्हनार हाय?”

साहेबांना उत्तर देणं सोपं होतं. माझ्याकडे बोट दाखवलं की झालं. पण ते टोपी हातात घेऊन तिची कड फिरवत राहिले. तेव्हा मला कळलं की हा माणूस माझं नाव घेणार नाही, त्यासाठी अकरा पोरं गाडीत बसायची राहिली तरी दुसरी वाट शोधत बसेल, आणि वाट नाही.

“टोचण्यात खोट नव्हती,” मी म्हटलं. माझा आवाज शाळेत सगळ्यात मोठा. त्या दिवशी तो मलाच ऐकू येईना. “खोट माझ्यात होती. माझ्या दंडावरचा फोड फुटला होता. साहेबांनी विचारलं, तर मी खोटं बोलले. साहेबांना ठाऊक नव्हतं. आबांना पण नाही. माझ्यातून जे निघालं ते वाया गेलेलं होतं, तेच तुमच्या पोरांत गेलं.”

“कसा फुटला?” रंगूने विचारलं.

मी थोरल्या बाईंकडे बघितलं नाही.

“मी कुणाला तरी हात लावू दिला. देवी आली म्हणून लोक पाया पडत होते, मी पडू दिलं. माझ्यावर देवीबिवी नव्हती, रंगूकाकी. मला बरं वाटत होतं, म्हणून उभी राहिले.”

आबांनी मान खाली घातली. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. मग गर्दीतून थोरल्या बाई पुढे आल्या.

“खरं हाय,” त्या म्हणाल्या. “म्याच शिवले.” त्यांनी आपला उजवा तळवा उलटा करून पाहिला, जणू त्यावर अजून हळद होती. “पोर दोष एकलीच्या अंगावर घ्याया लागलीये. घिऊ द्यायची न्हाय. रंगे, घाल पोराला गाडीत. माझ्या दोन गाड्या जुंपा. आन ठकूला बी घाला.”

“आत्याबाई, ठकूला?”

“ठकूला. कान फुटले काय तुझे?”

अकरा आणि ठकू, पुन्हा बारा.

निघण्याआधी साहेब बंगल्यावर आले. हन्नाचे डोळे सुजून मिटले होते. ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले. हॅट काढायला विसरले.

“जाऊन येऊन चार दिवस,” ते मडमबाईंना म्हणाले. “केरोबाला पाठवतो. मी इथे थांबतो.”

“केरोबाला सरकारी माणूस दारात उभं करणार नाही. तुम्हालाही ठाऊक आहे.” मडमबाई ओल्या फडक्याची घडी घालत होत्या. “तुम्हीच सांगितलं होतं ना मला? तुमचे वडील त्या हिवाळ्यात घरातून निघाले, तेव्हा घरात तुमचा धाकटा भाऊ तापाने पडलेला होता.”

“हो.”

“आणि तुमच्या आईने काय म्हटलं होतं?”

साहेबांनी हन्नाचं पांघरूण सारखं केलं. “तिने घोडा धरला होता,” ते म्हणाले.

मडमबाई उठल्या, खुंटीवरचा त्यांचा कोट काढला आणि तो दोन्ही हातांनी उघडून धरला.

*

मी बंगल्यावर राहिले. मला आता देवी येणार नव्हत्या. फोड फुटायच्या आधी माझं काम त्याने करून ठेवलं होतं. मडमबाईंना दुसरं माणूस नव्हतं. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. आम्ही आळीपाळीने हन्नाला पाणी पाजत होतो, चमच्याने, ओठांच्या कडेकडेने.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर आली.

“रिबीताई आहे का?”

“आहे ना. इथेच आहे.”

“पप्पा?”

“गाडीने गेलेत. ठकूला टोचून आणायला.”

“काळी मुंगी का लाल?”

“काळी.”

ती थोडा वेळ श्वास घेत पडून राहिली.

“ताई, तू देवी आहेस ना? ठकू सांगत होती. तिची आजी पाया पडली तुझ्या.”

“नाही गं राणी. मी कुठली देवी.”

“थोडीशी पण नाही?”

मी तिच्या कपाळावरचं फडकं बदललं.

“थोडीशी असशील तर ही माझी घेऊन जा ना. मला जड होतीये.”

मी बाही वर केली आणि दंड तिच्या हाताखाली दिला. तिने चाचपडत वण शोधला. तिचा तळवा निखाऱ्यासारखा होता. तसाच ठेवून ती झोपली. मी हात हलवला नाही, मुंग्या आल्या, बधिर झाला, तरी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकायच्या वेळी, ती गेली.

मडमबाईंनी खिडकी उघडली. मग म्हणाल्या, “पाणी आण, रिबका. आपण दोघी तिला पुसू.”

आपण दोघी, असं म्हणाल्या.

*

चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर गाड्यांची घुंगरं ऐकू आली. मी बंगल्याच्या फाटकाशी होते. पुढची गाडी आबा हाकत होते. साहेब बैलांबरोबर चालत होते, कोटावर पंधरा कोसांची धूळ. वाटेवर खळगा आला, आणि त्यांचा बसलेला आवाज आला, “हात!”

दोन्ही गाड्यांतून बारा हात वर गेले. पोरं खिदळत होती. त्यांना तो खेळ झाला होता. रंगूचा धाकटा तर दोन्ही हात वर करून बसला होता.

साहेबांनी ओसरीकडे पाहिलं. मडमबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही. नुसते दोन्ही हात बाजूला सोडून उभ्या होत्या, रिकामे. चार दिवसांत मी त्यांचे हात रिकामे पाहिले नव्हते.

साहेब थांबले. बैल थांबले. गाडीला हिसका बसला, तसे बारा हात पुन्हा वर गेले, कुणी न सांगता, आणि वरच राहिले. साहेबांनी खाली घ्या म्हणायची वाट बघत पोरं तशीच बसली.

मग साहेब पहिल्या गाडीपाशी गेले आणि एकेक पोर उचलून खाली ठेवलं. प्रत्येकाची बाही सरकवली, दंड बघितला, बाही नीट केली. बारावी ठकू. तिची बाही सरळ केली आणि मग ते पायऱ्या चढले.

त्या बारांतलं एकही गेलं नाही. आठव्या दिवशी बाराही दंडांवर फोड होते, मधे खळी असलेले, मोत्यासारखे. त्या दिवशी ओसरीवर साठ पोरं जमली, आसपासच्या तीन वाड्यांवरची. मी कोपऱ्यात घंगाळ घेऊन उभी होते. मला वाटलं होतं की आता मला दवाखान्याची पायरी चढू देणार नाहीत. साहेबांनी ठकूचा दंड उजेडात धरला, चष्मा डोळ्यांवर घेतला. मग माझ्याकडे वळले.

“तू विचार, रिबका.”

मी घंगाळ खाली ठेवलं.

“ठकू, कुणी हात लावला नाही ना?”

“न्हाय.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. खाली बसले आणि दंड बघितला. कड बघितली, खळी बघितली, बाहीच्या आतल्या बाजूला डाग आहे का ते बघितलं. साहेब थांबून राहिले होते.

“नाही लावला, साहेब,” मी म्हटलं.

त्यांनी सुरी उचलली.

नगरच्या शाळेत मी त्या जूनमध्ये गेले नाही, पुढच्या वर्षी गेले. आज तीस वर्षं मीच या भागात टोचते आहे. साहेब आणि मडमबाई दोघेही लिंबाच्या पलीकडच्या कुंपणात आहेत, हन्नाच्या दोन बाजूंना. पाहुणे येतात, कधी कुणी विचारतं की बाई, तुम्हाला टोचलं होतं का, वण दाखवा. मी म्हणते, टोचलं होतं, आणि बाही खाली ओढून घेते.